कॅलेंडरवालीचा सिनेमा

जुन्या काळच्या एका कॅलेंडर-सुंदरीच्या आयुष्यावरचा सिनेमा नुकताच सुटला होता. टॅक्सीच्या रांगेत एक म्हातारं जोडपं आणि त्यांच्यामागे ड्यूटीवरून परतणारी एक दमलेली नर्सबाई. डोळे मिटता येतात, कान कसे मिटणार?

“अहो, सिनेमात तीन तास नुसती रडत होती!”

“सोसलं असेल बिचारीनं.”

“सोसलं मी! तुमच्या गॅरेजच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात हिच्या अंगावर रुमालाएवढा कपडा, पण काय हसायची! त्या हसण्यावर मी जन्मभर जळले. या रडूबाईवर कोण जळेल?”

“मग सुटलीस की!”

“वा! माझ्या जळण्याचा काही मान? घरी गेल्यावर ते कॅलेंडर काढा. माझ्या ट्रंकेत तळाशी आहे.”

“ते तर तू चुलीत घातलं होतंस!”

“तसं तुम्हाला सांगितलं होतं.”