सुट्टीनंतरचं रक्त

वीजकेंद्राच्या दवाखान्यात, रक्ततपासणीच्या रांगेत माझ्यापुढे बॉयलरवर काम करणारा एकजण आणि त्याची बायको उभी होती.

"अहो, तुमची तपासणी दर वेळी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीच कशी येते?"

"माणूस ताजातवाना असतो म्हणून."

"माणूस, की रक्त? ज्यासाठी ही तपासणी, तो कार्बन मोनॉक्साइड सुट्टीच्या दिवसभरात रक्तातून उतरतो म्हणे."

"कोण म्हणे?"

"तुमचं डोकं म्हणे. कामावरून आलात की ठणकतं, सुट्टीच्या दिवशी एकदम शांत."

"अगं, कोळसा अर्धवट जळला तर होतो तो वायू. आणि झालाच, तर चिमणीतून वर जातो."

"सगळाच्या सगळा?"

"माझा रिपोर्ट कायम नॉर्मल येतो. उगाच पराचा कावळा करू नकोस."

"आज कळेलच, पर आहे की कावळा. कालची सुट्टी मोडून कामावर गेलात आणि आत्ता थेट बॉयलरवरून आलात. बरं जमलं."

"हळू बोल, नंबर आला."

"या, बसा. बाही वर करा. काल सुट्टी झाली ना?"

"नाही सिस्टर, डबल ड्यूटी केली. आत्ताच सुटलो."

"मग आज रक्त नको. बाही खाली करा. एक दिवस सुट्टी घ्या आणि मग या."