एक कान मोकळा

— त्याला नको हात लावू. बाकीची बघ की, भिंतभर हायत, पण ते नारळाच्या झाडाचं कार्ड राहू दे जाग्यावर. आणि खिळ्यावरचे हेडफोन पण. जाळं लागलंय ते मला दिसतंय, डोळे गेले न्हाईत माझे. बस खाली, त्या बाजेवर. लाईट अकराला येते, तोवर तुझं ड्रिल फिरायचं न्हाई — आणि खांबावर तर मी हो म्हणल्याबिगर तू चढायचा न्हाईस. नाव काय म्हणलास? शहादेव. गेवराईकडचा. बरं. मिशी पांढरी झाली म्हणजे घरी लेकरंबाळं मोठी असतील, म्हणजे ऐकून घेशील. ह्याच्या आधी दोन पोरं पाठवली माझ्या सतीशनं, एकाला शिडी धरता येत न्हवती आणि दुसरा मला आजी आजी करत मोबाईलमधून डोकंच काढंना. दोघांना तेलगावच्या फाट्यापर्यंत वाटं लावलं. तू तिसरा.

मला माहीत हाय तुला कावून पाठवलंय. ती पांढरी वाटी माझ्या खांबाच्या टोकाला बसवायची, तिच्यातून इंटरनेट उतरायचं, ते त्या डब्यात जायचं, आणि डब्याच्या डोळ्यातून सतीशनं पुण्यात बसून बघायचं — आई उठली का, आई जेवली का, आई पडली का. आख्ख्या गावात चाळीस फुटाचा खांब दुसरा न्हाई, म्हणून तुझ्या कंपनीची पण नजर त्याच्यावर. बघ, तुला वाईट वाटलं तर वाटू दे, पण तो खांब वाटीसाठी उभा केला न्हवता. त्या टोकापासून लिंबाच्या झाडापर्यंत जी तांब्याची तार गेलीय ना, तिच्यासाठी केलता. तू खालून बघितलं आणि म्हणलास, मावशी, कपडे वाळवायची का? चाळीस फुटावर कोण वाळवतं रे लुगडं?

बिनतारी. हॅम रेडिओ म्हणतात त्याला. ऐकलं न्हाईस? न्हाईच ऐकणार. सरकारचा परवाना लागतो, इम्तिहान द्यावा लागतो. मग तुला एक निशाणी मिळते, कॉलसाईन — व्हीयू टू आणि पुढं तीन अक्षरं. जगात ती दुसऱ्या कुणाची न्हाई. नावं काय, कडूबाई गल्लीत तीन हायत. माझ्या आधीची दोन लेकरं गेली म्हणून माझं नाव कडू ठेवलं, मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकावं म्हणून. आणि ते नाव मी तिकडं रशियाला, जपानला एकेक अक्षर सुटं करून सांगायची — किलो, अल्फा, डेल्टा, युनिफॉर्म — तर ते लोक म्हणायचे, व्हेरी स्वीट नेम. हसू नको. मी पण हसलेली तेव्हा, पण बोलायचं बटण सोडून, तिकडं ऐकू जाऊ नये म्हणून.

शिकवलं कुणी? कुणी न्हाई. गुरुजी — म्हणजे माझे मालक, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञानाला होते — ते संध्याकाळी अंगणात पोरांना मोर्स शिकवायचे. डिट म्हणजे टिंब, डा म्हणजे लांब, तीन टिंबांएवढा. पोरं घोकायची, मी चुलीपाशी भाकऱ्या थापायची. दोन महिन्यात पोरं पळून गेली आणि मला सगळी अक्षरं यायला लागली. चौथी शिकलेली बाई मी! इंग्रजी अक्षरं मी कानानं शिकले, डोळ्यानं नंतर. गुरुजी हैदराबादला इम्तिहानाला गेले, नापास. दुसऱ्यांदा मी पण अर्ज भरला. तिथला साहेब म्हणला, माताजी, डबा बाहर रखिए. त्याला वाटलं मी जेवण घेऊन आले. मी म्हणले, साहब, डबा इनका है, पेन्सिल मेरी. निकाल लागला — मी पास, गुरुजी परत नापास. त्यांचा हातच तसा. टिंब आणि डा एकसारखेच, मुंग्यांची रांग चालल्यागत. परवान्यावर नाव आलं त्यांचं. मधलं. कडूबाई भगवानराव. परळीला गाडीतून उतरल्यावर म्हणले, सेट मी बांधला, कॉइल मी गुंडाळली, आणि आता बोलायचं तुझ्या परवानगीनं. कायदाच तसा, ज्याचा परवाना त्याच्या देखत बोलायचं. मी म्हणले, मग द्या की परत इम्तिहान. न्हाई दिला. आणि मी पण परत म्हणले न्हाई. खरं सांगू? बरं वाटायचं मला. घरात एक तरी खुर्ची अशी होती, तिच्यावर बसायला त्यांना मला विचारावं लागायचं.

पी ना चहा, निवला.

तुझ्या त्या डब्यात बटण दाबलं की माणूस दिसतो. आमचं तसं न्हवतं. आमी मोर्स ठोकणाऱ्या हातावरून माणूस ओळखायचो. कोण घाई करतो, कोण तंबाखू मळत मळत पाठवतो, कुणाची बायको शेजारी उभी हाय — हात सांगायचा. आणि कान आणि हात एकदा जुळले ना, की मग डोकं मधी येत न्हाई. ऐकलं की पेन्सिल लिहिते, अर्थ नंतर. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दिवसभर मी नावं घेतली. कोण सापडलं, कोण न्हाई. तिकडून अक्षरं यायची, मी लिहायची, हात हलला न्हाई एकदा. संध्याकाळी वाचलं तेव्हा कळलं की मी काय लिहिलं. अशी सवय. चांगली म्हणतात ती सवय, त्याच्यासाठी मला प्रशस्तिपत्र दिलं, कुठंतरी पेटीत असंल. आणि शिस्त म्हणजे काय — ऐकू आलं न्हाई तर गप बसायचं न्हाई, सांगायचं, परत पाठव. न लाजता. समोरचा परत पाठवतो. आणि बोलणं संपलं की शेवटी दोन टिंबं. डिट डिट. राम राम म्हण. समोरच्यानं पण दोन द्यायची, न्हाई दिली तर बेअदबी. मी कधी ठेवली न्हाई कुणाची. आणि घर पण सोडलं न्हाई हां त्याच्यापायी — सकाळी सातला सेटवर बसायची, पण हेडफोन एकाच कानावर. एक कान मोकळा, चुलीकडं. दूध चढायला लागलं की त्याचा आवाज बदलतो, तुला न्हाई कळायचा. तीस-पस्तीस वर्षात एकदा, एकदा पण माझं दूध उतू गेलं न्हाई. विचार गल्लीत.

आता? आता कोण हाय. मोबाईल आले, मग माणसं एकेक करून कमी झाली. काही मेली, बाकीची ग्रुपवर गेली. ग्रुप केलाय, मला पण घेतलंय त्यात. ज्यांच्याशी बोलायला तार ताणावी लागायची, आवाज कुठवर जाईल म्हणून सूर्यावरचे डाग बघावे लागायचे, ती माणसं आता सकाळी फुलाचा फोटो टाकतात. गुलाब. खाली शुभ सकाळ. मी एकदा लिहिलं, सातला या की रे सेटवर, मी असते. सहा जणांनी अंगठा दाखवला. सातला कोण न्हाई आलं. तरी मी बसते. स्पीकरवर, हेडफोन न्हाई आता. अर्धा तास खरखर ऐकते आणि बंद करते. वाईट वाटतं असं न्हाई. काही वाटत न्हाई. खरखर बरी असते.

काय? कधीपासून न्हाई घातले? सहा वर्ष झाली. गुरुजी गेले तेव्हापासून. न्हाणीत गेले ना ते, सकाळी अंघोळीला गेलते. अर्धांग झालं, वाचा गेली, तिथंच पडले. मी सेटवर होते, कानाला हेडफोन, मला काही ऐकू आलं न्हाई. सतीश अंत्यविधीला आला तेव्हापासून सेटकडं बघत न्हाई. म्हणतो, ह्या खोक्यानं बाबा खाल्ले. आई इकडं बहिरी होऊन बसली आणि बाबा तिकडं. म्हणून त्याला तार उतरवायची हाय. कॅमेऱ्याचं निमित्त. बरोबर हाय त्याचं, मी काही म्हणत न्हाई. हेडफोन होते, ऐकू आलं न्हाई, झालं —

असं कावून बघतोस?

...हां. बोलले मी. एक कान मोकळा. तू लई ध्यान देऊन ऐकतोस रे, ऑपरेटर झाला असतास.

बस. उठू नको. निम्मं ऐकून जायचं न्हाई.

गुरुजींची सवय होती. न्हाणीत गेले की तांब्या दगडावर ठोकायचे. मोर्समधी. चहा टाक म्हणून. नापास माणूस, तरी हौस. ठोक्याला लांबी नसते, हे तुला पण कळतं — तांब्या आपटला की ठक, लांब ठक आणि आखूड ठक असं काही न्हाई. म्हणून ते डा च्या जागी जरा थांबायचे. मी वाचायची बरोबर. तरी मुद्दाम इथून ओरडायची, समजलं न्हाई, परत पाठव! ते परत ठोकायचे. हात सुधारा गुरुजी! असं चालायचं. रोज. तेवढाच खेळ.

त्या दिवशी सेटवर एका बेटावरचा माणूस लागला होता. त्याचंच ते नारळाचं कार्ड. नकाशावर माशी बसल्याएवढं बेट, समुद्राच्या मधोमध, अकरा वर्ष मी त्याची वाट बघत होते. इतका बारीक आवाज, जसं कुणी बारवेच्या तळातून बोलतंय. आणि न्हाणीतून ठोके यायला लागले. वाकडेतिकडे. मी म्हणले — ओरडून म्हणले — समजलं न्हाई, परत पाठव. त्यांनी परत पाठवलं. हळू. मला अजून ऐकू येतंय, किती हळू ते. त्यात चहा न्हवता, काहीच न्हवतं, नुसती टिंबं. मी म्हणले, काय मुंग्या सोडल्यात का, हात सुधारा, अजून एकदा. थोडं थांबून दोन आले. ठक. ठक.

दोन टिंबं. मला वाटलं खेळ संपला, राम राम घातला. मग मी पण चमच्यानं टेबलावर दोन दिली. बेअदबी नको.

आणि बेटाकडं वळले.

दूध? उतरवलं ना. चढायचा आवाज आला, हात लांब करून उतरवलं. त्या दिवशी पण उतू गेलं न्हाई.

बोलणं झालं की समोरचा पुरावा म्हणून कार्ड पाठवतो, ते चार महिन्यांनी आलं पोस्टानं. त्याच्यावर वेळ छापलेली असते, सगळ्या जगाला एकच, लंडनच्या घड्याळाची, एक चौतीस. साडेपाच तास मिळव. सात वाजून चार मिनिटं. डॉक्टरनं दाखल्यावर लिहिलंय, अंदाजे सात. माझ्याकडं अंदाज न्हाई, छापील हाय. आणि वहीत पण हाय, ती वही, निळी — पेन्सिलनं आपोआप लिहिलेली टिंबं. बेटाची कॉलसाईन, आणि बाजूला टिंबं. पहिल्या ओळीत नऊ, दुसऱ्यात सहा, मग दोन. पेन्सिल लिहिते, अर्थ नंतर. सहा वर्ष झाली, मी त्या ओळी रोज वाचते. थांबायची जागा धरून, न धरून, उलट्या. अर्थ लागत न्हाई. कदाचित ते मोर्स न्हवतंच. ठोकणं होतं नुसतं. कुणीही अडाणी बाई असती शेजारची, तिला मोर्स येत न्हाई, तर ती उठून बघायला गेली असती. कोण ठोकतंय म्हणून. एवढंच.

रडत न्हाई मी. तू पण तोंड पाड नको. मला काही होत न्हाई आता ते सांगताना, बघ, हात बघ. हलतोय का?

लाईट आली. पंखा फिरायला लागला.

ऐक, तो तुझा डबा. त्याच्यात आवाज पण येतो म्हणलास? दोन्हीकडून — मी बोलले तर सतीशला, तो बोलला तर मला? टू-वे. म्हणजे तेच की रे आमचं, फक्त परवाना न्हाई. बरं. तो इथं भिंतीवर लावला तर न्हाणीतला आवाज त्याला जातो का? दार लावून. माणूस बोलत न्हाई असं धर. नुसतं ठोकतोय. तांब्यानं. ...तुला सांगता येत न्हाई. मग तो इथं नको लावू. इथं मी बसलेली दिसून त्याला काय करायचं. तिकडं लाव, न्हाणीच्या दाराबाहेर, वळचणीला. वायर जास्त लागली तर लागू दे.

तार काढ. कापू नको, लिंबाकडची गाठ आधी सोड, मग खांबाकडची, आणि वेटोळं करून माझ्याकडं दे. सेट राहील. वही राहील. सतीशचा फोन आला तर सांग, आई हो म्हणली. एवढंच सांग. दुधाचं सांगू नको.

शिडी न्हाणीच्या मागं हाय. कप राहू दे, मी उचलते. आणि हे बघ शहादेव — वर गेल्यावर क्लॅम्प हातानं ढिला होतो, तेल घातलेलं हाय मी. पाना खांबावर ठोकू नको. खाली ऐकू येतं. जा.