सभेत कुंकू पुसल्याबाबत

मी, सौ. निरुपमा लक्ष्मीकांत शिर्के, वय ६६, निवृत्त शिक्षिका, राहणार निजामपुरा, बडोदे, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

लहरीपुऱ्याजवळच्या आमच्या मराठी मंडळाचे माझे पती अध्यक्ष आहेत. मंडळात घरटी एक मत असते आणि ते घरचा पुरुष देतो. बाईला मत मिळते ते नवरा वारल्यावर. हा नियम बदलावा म्हणून मी दरवर्षी अर्ज देत आले. माझे पती दरवर्षी तो पुढच्या सभेवर ढकलत आले. घरी म्हणत, "निरू, अक्षर मात्र छान हो तुझं."

मंडळातील मोहना पागे हिला माझे अर्ज रटाळ वाटत. माझ्याच घरी बायकांची बैठक झाली, तेव्हा ती म्हणाली, "काकू, विधवेलाच मत असेल तर आपण सगळ्या तशाच जाऊ. कपाळ कोरं, गळा मोकळा. बघू कोण अडवतं." मी म्हणाले, "मतासाठी ह्यांच्या जिवाशी खेळ नको." त्यावर शब्दाला शब्द वाढला. निम्म्या बायका तिच्याबरोबर निघून गेल्या. त्यानंतर आमचे बोलणे नव्हते.

रविवारी सभेला मोहनाच्या बायका कोऱ्या कपाळाने आल्या. माझ्या बायका कुंकू लावून मागे बसल्या. सचिव भास्करराव मोहनाला म्हणाले, "अरे बेन, नवरा पहिल्या रांगेत बसलाय आणि हे शुं नाटक मांडलंय?" मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "या निरुपमावहिनी बघा. घरंदाज बाई. यांना मत नको, मान पुरे."

सभागृहात टाळ्या पडल्या. माझ्या पतींनीही टाळी वाजवली.

मी उठले आणि पदराने कुंकू पुसले. हे मी रागाने केले. मंचावरून माझे पती "निरू, हे काय" एवढेच म्हणाले आणि खुर्चीतच कलंडले.

मोहनाने त्यांच्या छातीवर दाब दिला. तिच्याच गाडीतून त्यांना समा भागातल्या दवाखान्यात नेले. दवाखान्याच्या दारात मी तिच्याकडे टिकली मागितली. घरी परतताना स्वतःला लावायची म्हणून तिने एक पर्समध्ये ठेवली होती. ती तिने मला लावली. 

भास्कररावांनी इथे दिलेल्या तक्रारीत मोहनाने मला चिथावले, असे लिहिले आहे. ते खोटे आहे. तिचा मार्ग मला तेव्हा पटला नव्हता, आजही पटत नाही. कुंकू माझे होते, हात माझा होता. अटक करायची तर मला करा.

माझे पती अजून शुद्धीवर नाहीत. मुलगा ध्रुव त्यांच्याजवळ आहे. त्याचा फोन येईल म्हणून माझा मोबाईल साहेबांनी टेबलावर ठेवू दिला आहे. आत्ता तो वाजला तेव्हा मला उचलता आला नाही. साहेबांनी उचलला. फोन बँकेचा होता.

हे गेले, तर नियमाने त्यांचे मत माझ्याकडे येईल. मला ते तसे नको आहे.

हेड कॉन्स्टेबल धनाजीराव मराठी असल्याने त्यांनी माझे म्हणणे मराठीत लिहून घेतले व मला वाचून दाखवले. मी सांगितले तसेच उतरले आहे. फक्त माझ्या नावाआधी सौ. राहिले होते. ते घालून घेतल्यावरच सही करीत आहे.