चाचांच्या काठीची ओली गाठ

अध्यक्ष माननीय सुभेदार हंबीरराव जगदाळे, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले माझे गुरुवर्य मुख्याध्यापक महाशय, व्यासपीठावर विराजमान असलेले सत्कारमूर्ती जैनुद्दीनचाचा नालबंद, मलकापूर गळ मंडळाचे सन्माननीय सभासद, आणि सभागृहात उपस्थित असलेल्या माता-भगिनींनो व बंधूंनो,

प्रारंभीच क्षमा मागते. स्वतः सभेत हजर नसताना सभेला उद्देशून लिहिणे हा आगाऊपणा आहे, आणि ज्या मंडळाची मी सभासदही नाही त्या मंडळाच्या समारंभात चार शब्द सांगण्याची इच्छा धरणे हा त्याहून मोठा. मी केरू धोंडिराम थोरवडे यांची मुलगी. सध्या सांगलीस महाविद्यालयात शिकते. सोमवारी परीक्षेचा पहिला पेपर असल्याने येता येत नाही. परीक्षा नसती तर मी आले असते. पण उभी राहून बोलले असते का? आपल्यापैकी जे मला ओळखतात त्यांना उत्तर ठाऊक आहे. म्हणून मंडळाचे चिटणीस बाळासो यांना विनंती केली आहे की हे भाषण त्यांनी माझ्या वतीने वाचावे. बाळासो, आपला आवाज खणखणीत आहे, पण सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक बोलावताना जसा लावता तसा लावू नये.

आणखी एक विनंती. चाचांच्या हाती काठी दिल्यावर, पण त्यांची बोटे गाठीला लागण्यापूर्वी हे वाचले जावे. कारण शेवटी येईल. चाचांनी आज ती काठी मंडळाच्या हवाली करू नये, अशी माझी इच्छा आहे. आजच्या समारंभात मला मागायचे आहे ते एवढेच.

पाहुण्यांना गळाने मासे धरणाऱ्या आमच्या मंडळाची रीत कदाचित माहीत नसेल. जो सभासद नदीचा कायमचा निरोप घेतो, तो सर्वांदेखत आपल्या काठीच्या दोराची पुढची गाठ सोडतो. गळ रुमालात बांधून घरी नेतो आणि काठी मंडळाला देतो. ती बाळासोंच्या दुकानात, जुन्या टायरांच्या वरच्या खुंटीवर टांगली जाते. या रीतीला एक नियम जोडलेला आहे. ज्याने गाठ बांधली त्यानेच ती सोडायची, आणि गाठीला सुरी लावायची नाही. मंडळाचे जुने सभासद नाथाजी मामा यांनी एकदा गुंडाभाऊ टांगेवाल्यांचा अडकलेला दोर न विचारता कापला, तेव्हा जे भांडण झाले ते मिटवताना चाचांनीच हा नियम घातला होता. "दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा न्हाई, आन सुरी तर न्हाईच न्हाई," असे त्यांचे शब्द माझ्या वडिलांनी मला सांगितलेले आहेत.

आज आपण चाचांचे कौतुक ऐकणार आहात ते त्यांच्या नालबंदीचे. कराडच्या पुलावरून गेलेल्या कोणत्या घोड्याचे खूर त्यांच्या हाताखालून गेले नाहीत, असा प्रश्न कोणीतरी वक्ता विचारेलच. मी त्यांना ओळखते ती कृष्णाकाठच्या खडकावरून. माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी त्यांना मंडळात घ्यावे की नाही यावर बरेच रविवार खल चालला होता. चाचा आपल्या खडकावर थोडे सरकले आणि म्हणाले, "केरू, बस हितं. ह्यांचं बोलून हुईस्तवर मासं म्हातारं हुतील." वडील बसले. मीही त्यांच्यामागे पुस्तक घेऊन बसले. त्यानंतर कितीतरी रविवार मी तशीच बसले. माझ्या शालेय यशाचे श्रेय पाहुणे मोठ्या मनाने शाळेला देतात, तेव्हा त्या खडकालाही थोडे द्यावे, असे मनात येते. तिथे बोलायला बंदी होती, हे मला फार मानवले.

तर त्या खडकावर दोन पक्ष होते. एक चिव्याच्या, म्हणजे भरीव बांबूच्या, काठीचा, दुसरा दोर गुंडाळणाऱ्या चकरीचा. चाचा चिव्याचे. पाटणकडून आलेला, गाठी जवळजवळ असलेला चिवा ते स्वतः निवडत, चुलीवर धुरावत आणि करंजाच्या तेलाने पुसत. त्यांच्या मते काठी बुडाशी ताठ आणि शेंड्याशी लाजरी असावी. "मरळ वढती तवा काठीनं आदी मान खाली घालावी आन मग ऐकू नये," असे ते म्हणत. आणि मग माझ्याकडे वळून, "हौसा, तुज्यासारकी."

दोर सुती, मेण लावलेला. पण त्यांचा खरा जीव होता तो दोर आणि गळ यांच्यामधल्या हातभर पुढच्या दोरीत. तीच तर माशाच्या डोळ्यांसमोर असते. चाचा ती घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळत. केस पांढऱ्या घोड्याचा हवा, कारण तो पाण्यात दिसत नाही. घोडीचा चालत नाही. त्यामागचे कारण मी सभेत सांगू शकत नाही. जाणकारांनी समजून घ्यावे. मलकापुरात पांढरा घोडा एकच होता, गुंडाभाऊंचा. प्रत्येक नालबंदीनंतर त्याची शेपटी थोडी विरळ होऊन घरी जाई.

"आवं चाचा," गुंडाभाऊ एकदा काकुळतीने म्हणाले होते, "उद्या वरातीला न्यायचाय घोडा. शेपूट बगा, उंदरागत केलीसा."

"नवरदेव फुडं बसतो का मागं?" चाचांनी विचारले. "मग शेपटीकडं कोन बगतंय?"

गुंडाभाऊ आज सभागृहात असतील. घोडा आता नाही. टांगेही राहिले नाहीत. चाचा आज आपल्या मुलीकडे, अख्तरबीकडे, कवठे महांकाळला राहायला निघाले आहेत ते यामुळेच. मोटारींना नाल लागत नाहीत, आणि एकट्या माणसाने त्या थंड भट्टीशेजारी किती बसावे?

दुसऱ्या पक्षाचे पुढारी म्हणजे आजचे अध्यक्ष. हंबीरराव काका पलटणीतून निवृत्त होऊन आले ते पितळी चकरी आणि तंगूस घेऊन. नायलॉनच्या त्या पारदर्शक दोराला आपण सगळे आता तंगूस म्हणतो, पण त्या दिवशी आम्ही तो पहिल्यांदा पाहिला. काकांनी चकरी फिरवली. तिच्या आवाजाने खंड्या उडाला.

"फस्ट किलास माल हाय गड्या," ते म्हणाले. "घोड्याचा केस ठेव आता घोड्याला."

चाचांनी दोर बोटांत धरला, ताणला आणि परत दिला. "लय गुळगुळीत हाय, सुभेदार. गुळगुळीत मानूस गाठीत ऱ्हात न्हाई."

त्याच सकाळी काकांच्या गळाला मोठी मरळ लागली. शेवाळातून पाण्याची पाठ वर आली, काठी वाकली, चकरी ओरडली आणि एकाएकी सगळे सैल झाले. काकांनी दोर गुंडाळून वर घेतला. टोक डुकराच्या शेपटीसारखे मुरडलेले होते. दोर तुटलेला नव्हता, गाठ सुटली होती. सुती दोराला जी गाठ आपण पिढ्यान् पिढ्या मारत आलो, तीच काकांनी तंगुसाला मारली होती. त्या दिवशी कोणाच्याही हातून तीच चूक झाली असती.

चाचा हसतील असे सर्वांना वाटले. ते हसले नाहीत. त्यांनी काकांकडून हातभर तंगूस मागून घेतले आणि घरी नेले. पुढच्या रविवारी त्यांनी नवी गाठ करून आणली, अधिक वेढ्यांची. त्यांची मरळही गेली. टोक या वेळी मुरडलेले नव्हते, तर पांढुरके झाले होते. कोरडा नायलॉन ओढताना स्वतःच्या घासण्यानेच भाजून निघतो, हे तोवर आम्हा कोणालाच कळलेले नव्हते. आता हसण्याची पाळी हंबीरराव काकांची होती, आणि त्यांनी ती सोडली नाही. "चाचा, केस घोड्याला आन तंगूस कुनाला?" असे ते संक्रांतीपर्यंत विचारत होते.

पुढचे सांगताना संकोच वाटतो. एके दिवशी चाचांनी मला म्हटले, "पोरी, तुजी बोटं बारीक. ही गाठ मारून बग." मी वेढे घेतले. टोक आत ओवताना, सुईत दोरा ओवण्याच्या सवयीने, मी गाठ ओठांत धरून ओली केली आणि मग ओढली. ती सावकाश सरकत आली आणि बसली. चाचांनी ती खडकाच्या कडेला अडकवून ओढली. वडिलांनी ओढली. हंबीरराव काकांनी पाय लावून ओढली, तेव्हा दोर तुटला, गाठ तशीच राहिली.

"हिला काय म्हनायचं?" काकांनी विचारले.

"वली गाठ," चाचा म्हणाले. "आन ती हौसाची."

वेढे त्यांचे होते, माझी फक्त सवय होती. पण त्या दिवसापासून मंडळातल्या निम्म्या काठ्यांच्या पुढच्या गाठी मी बांधत आले. चकरीवाल्यांच्याही. चाचांनी काठी बदलली नाही, चकरी घेतली नाही, पण पुढची दोरी तंगुसाची केली. अध्यक्षांनी हा आपला विजय मानला. मानू द्यावा.

बाळासो, आपण इथे पाणी घ्यावे.

आता खुंटीवरच्या काठ्यांविषयी. गुडघे गेले म्हणून नाथाजी मामांनी गाठ सोडून आपली काठी दिली, तेव्हा मी शाळेत होते. हार घातले गेले, भाषणे झाली. त्यानंतर मामा दर रविवारी सकाळी बाळासोंच्या दुकानात येत. ट्यूबचा भाव विचारत. मामांकडे सायकल नव्हती, हे आपण सर्व जाणतो. भाव ऐकत, मान हलवत आणि टायरांच्या वर पाहत उभे राहत. बाळासोंनी एकदा विचारलेही होते, "मामा, काडून देऊ का काठी?" त्यावर ते म्हणाले, "आता मंडळाची हाय ती. माजी कुटली?" मग एका पावसाळ्यानंतर ते येईनासे झाले. रीत चुकीची होती असे मी म्हणत नाही. पण तेलाचा हात न लागलेला चिवा तडकतो, एवढे मी त्या भिंतीवर पाहिले आहे.

कवठे महांकाळला काठी नेऊन करायचे काय, असा प्रश्न आपल्या मनात असेल. पाणी कुठे आहे तिकडे? हाच प्रश्न गेल्या संक्रांतीला माझ्या आईने, आक्काताईंनी, चाचांना विचारला. ते आमच्या अंगणात बसले होते. म्हणाले, "हिरीत गळ टाकून बसंन. लोकास्नी वाटंल म्हातारा पडल्याली बादली काडतोय." आई हसली. चाचाही हसले, पण हात मांडीवरच्या काठीवरून फिरत होता.

त्याच दुपारी त्यांनी मला जवळ बोलावले. जुनी पुढची दोरी, जिची गाठ त्यांच्याच हातची होती, त्यांनी स्वतः सोडून ठेवली होती. नवे तंगूस पुढे केले. "हौसा, येक गाठ मारून दे. मला डोळ्यानं दिसत न्हाई आता."

मी गाठ बांधली. ओठांत धरून ओली केली. सावकाश ओढली. ती कशी बसली हे त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिले आणि काठी भिंतीला टेकवली. थोड्या वेळाने आई गोधडी शिवायला बसली आणि "कुनीतरी सुईत दोरा ववून द्या गं," म्हणाली. मी उठेपर्यंत चाचांनी सुई हातात घेतली होती. त्यांनी तिच्यात दोरा एकदाच नेला आणि तो गेला.

मी तेव्हा काहीच बोलले नाही. मी बोलत नाहीच. पण सांगलीस परतताना एस.टी.त सबंध वाटभर एकच विचार करत होते. जो माणूस सुईत दोरा ओवू शकतो, त्याने आपली गाठ दुसऱ्याकडून का बांधून घ्यावी? आणि ज्याने नियम घातला, त्याला तो आठवत नसेल का?

अध्यक्ष महाराज, आता आपल्यासमोर चाचा काठी घेऊन उभे असतील. ती गाठ त्यांनी बांधलेली नाही. ती मी बांधलेली आहे, आणि ती सोडण्याचा अधिकार मंडळाच्या नियमानुसार फक्त मला आहे. सुरी लावता येत नाही. मी सांगलीत आहे आणि माझी परीक्षा आहे. मी आले असते तरी ती मला सुटली नसती. आपण स्वतः अशाच गाठीला पाय लावून ओढून पाहिलेले आहे. गाठ सुटत नाही तोवर काठी खुंटीवर जाऊ शकत नाही आणि सभासदाचा निरोपही पुरा होत नाही. मंडळाने हार घालावेत, नारळ द्यावा, सर्व काही यथासांग करावे. फक्त काठी चाचांबरोबर एस.टी.च्या टपावर चढवावी. माझ्या वडिलांना ती नीट बांधता येईल.

चाचा, आपण हे मागितले नाही. मागणे आपल्याला जमत नाही आणि बोलणे मला जमत नाही. म्हणून हे लिहिले. काठीला तेल लावत जा. कवठे महांकाळच्या तळ्याला पाणी आले तर कळवा, नाही आले तरी कळवा. सुट्टीत मी येईन आणि गाठ तपासून जाईन.

मंडळाने ही संधी दिली त्याबद्दल ऋणी आहे. एका विद्यार्थिनीचे इतके लांबलेले बोलणे अध्यक्षांनी ऐकून घेतले, पाहुण्यांनी सहन केले आणि बाळासोंनी वाचले, याबद्दल तिघांचेही आभार. शब्दांत अधिकउणे झाले असेल, वडीलधाऱ्यांच्या मानाला कुठे धक्का लागला असेल, तर मुलगी समजून पोटात घालावे.

आपली नम्र,
हौसा केरू थोरवडे

सांगली, शुक्रवार, दिनांक ११ फेब्रुवारी १९६६. सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी कराडच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती दिले.