दरुमाचा डावा डोळा

(ताकासाकीतला डोळ्यांचा दवाखाना, सकाळची वेळ. शिगेझो म्हणजे जन्मभर कोऱ्या डोळ्यांचे, नवसाचे दरुमा बाहुले रंगवत आलेला हेकट म्हातारा. शेजारी त्याची बायको फुसा, समोर नर्स.)

नर्स : नुसतं तोंडानं नको, आजोबा. ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं, ते बोटानं दाखवा.

शिगेझो : कितीदा विचाराल? डाव्याचं. हा काय!

फुसा : अहो, हा उजवा!

शिगेझो : तू मला डावं-उजवं शिकवतेस?

नर्स : आजोबा, थेंब कुठल्या डोळ्यात घालत होता?

शिगेझो : ह्याच. आरशासमोर उभा राहून. एकही वेळ चुकवली नाही.

फुसा : मी म्हणत होते, मी घालते. तर म्हणे, मी काय कुक्कुलं बाळ आहे?

नर्स : पण आरशातसुद्धा आपला डावा डोळा डावीकडेच दिसतो.

शिगेझो : असं कसं? समोरच्या तोंडाचा डावा डोळा आपल्या उजव्या हाताला येतो. नवस बोलताना बाहुल्याचा आधी तोच रंगवायचा. गिऱ्हाइकांना हेच सांगत म्हातारा झालो मी!

फुसा : अहो, ते बाहुल्याचं तोंड! आरशात तुमचं होतं!

शिगेझो : थांब. हा माझा डावा हात ना?

फुसा : हो.

शिगेझो : मग डोळा उजवा कसा झाला? डोकं गरगरायला लागलं बुवा.

नर्स : बसा तुम्ही. मी डॉक्टरांना विचारून येते.

फुसा : बघा, आल्यासुद्धा. काय म्हणाले हो?

नर्स : आज नाही. डाव्यात थेंब गेलेच नाहीत. पुढच्या आठवड्यात.

शिगेझो : म्हणजे नव्या वर्षाची जत्रा गेली! बाहुल्यांच्या भुवया कोण काढणार? अहो, आत नेल्यावर डोळा औषधानं धुवालच ना? मग थेंबांवाचून काय अडलंय?

नर्स : धुणार. शेवटी डोळ्याच्या आतही औषध सोडणार. पण आमचे डॉक्टर आधीच्या थेंबांशिवाय हात लावत नाहीत. जंतू आत शिरले तर मोतीबिंदू निघेल आणि नजरही जाईल.

शिगेझो : मग उजवाच करा! मोतीबिंदू त्यातही आहे. थेंबही झालेत.

नर्स : आत बसवायचं भिंग डाव्याच्या मापाचं आणलंय, आजोबा.

फुसा : चला घरी. उगाच हुज्जत नको.

शिगेझो : नजरच गेली तर काय करू गं मी? भीती वाटते. हल्ली बाहुल्यांच्या भुवया वाकड्या येतात माझ्या हातून. मी झोपल्यावर तू नीट करून ठेवतेस, ते कळतं मला.

फुसा : कळत होतं, तर बोलला का नाहीत?

शिगेझो : तू का नाही बोललीस?

फुसा : ते राहू दे. आजपासून थेंब मी घालणार.

शिगेझो : घाल बाई. पण कुठल्या डोळ्यात, ते सांग आधी.

फुसा : तुम्ही माझ्यासमोर बसायचं. माझ्या उजव्या हाताकडचा.

शिगेझो : म्हणजे बाहुला मीच झालो की!

फुसा : हो. आणि बाहुला हलत नसतो.