उजव्या हातातली माळ

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. तुमचा उजवा हात आत्ता कुठं आहे?

बघा, बघा! सगळ्यांनी आपापल्या हाताकडं बघितलं. कुणाचा मांडीवर, कुणाचा गालाखाली. खांबाला टेकलेल्या त्या पाहुण्यांचा मोबाईलवर — राहू द्या, लपवू नका, माझाही मोबाईल झब्ब्याच्या खिशात आहे! पण प्रश्न तो नाही. प्रश्न असा, की हा उजवा हात आधी कुणाचा? देवाचा, का समोरच्या माणसाचा? दोघांनी एकाच वेळी मागितला, तर द्यायचा कुणाला?

उत्तराची घाई करू नका. आधी माझ्याबरोबर गडहिंग्लजकडच्या एका गावात चला.

तिथं केरबा आचारी म्हणून गृहस्थ होते. लग्न असो, बारसं असो, बुंदी पाडावी ती केरबांनीच. अन् पंगत बसली, की हा माणूस कमरेला पंचा बांधून ओळीच्या टोकाला उभा. कशासाठी? तर वाढप्यांचे हात बघायला! भांडं डाव्या हातात, वाढणं उजव्यानं. एकदा एका वाढप्यानं गडबडीत डाव्या हातानं जिलबी टाकली. केरबांनी त्याला पंगतीतून बाहेर काढला. पाहुण्याचं पान बदललं, हात जोडले अन् म्हणाले, "पावणं, चुकलं आमचं. डाव्या हातानं वाढलेलं अंगी लागत न्हाई." पाहुणा म्हणतोय, अहो, असू द्या, जिलबी ती जिलबीच! पण नाही. केरबांची मान काही वर होईना.

हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

तर एवढ्यांना जेवू घालणाऱ्या ह्या माणसाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून खाटेवर घरी आणलं, अन् तिथून खरी कथा सुरू होते ती त्यांच्या बायकोची. हौसाबाईंची. सदतीस वर्षांचा संसार, पोटी मूलबाळ नाही, एकमेकांवाचून दुसरं कुणी नाही. तिनं देवापुढं दिवा लावला अन् संकल्प सोडला — अकरा दिवसांत सव्वा लाख नाम! अन् चुलीचं काम सोडून, जागेपणी माळ उजव्या हातातून खाली ठेवणार नाही!

चुलीचं काम सोडून का? अहो, भाकरी थापायला दोन हात लागतात! एवढं पांडुरंगालाही कळतं.

मन किती मोठं बघा त्या माउलीचं. पण झालं काय, की केरबा जेवेनात. ती दुधात भाकरी कुस्करायची, वाटी स्टुलावर ठेवायची, घास पुढं करायची — अन् हा माणूस तोंड भिंतीकडं फिरवायचा. तिनं गोड करून बघितलं, पातळ करून बघितलं. डोळ्यांतून पाणी काढून बघितलं. नाही! डॉक्टर म्हणाले, "सोमवारपर्यंत पोटात अन्न गेलं नाही तर परत भरती करावं लागेल. नाकातून नळी घालू. पण त्यांच्या अंगात आता फार काही उरलेलं नाही, मावशी."

आता गंमत ऐका. म्हणजे गंमत कसली, जिवाला लागणारी गोष्ट.

सकाळी आरोग्य केंद्रातली सुजाता सिस्टर यायची. घरी बुद्धवंदना करून, अंगावर पांढरीशुभ्र साडी. ती खाटेवर बसायची, चमच्यानं पेज द्यायची, अन् केरबा मुकाट चार चमचे घ्यायचे! हौसाबाईनं विचारलं, "पोरी, तू कसला मंतर म्हणतीस गं?"

सुजाता हसली. म्हणाली, "मंत्र नाही मावशी. आमच्याकडं शांत बसून श्वास बघायला शिकवतात. इथं मी त्यांच्या गळ्याची घाटी बघते. घाटी वर जाऊन खाली आली, की घास उतरला. मगच दुसरा. तोवर मी दुसरीकडं कुठं जातच नाही."

हौसाबाईनं मान हलवली. पण मनात काय आलं? तुमच्या-माझ्या मनात आलं असतं तेच! माझाच जप कमी पडतोय. अन् तिनं रोजच्या माळा वाढवल्या. इकडं घास पुढं करायची अन् ओठ आपले नाम घेतायत, डोळे मिटलेले, बोटं मण्यांवर पळतायत. घाटी बघणार कोण?

नवव्या दिवशी रविवार. दुपारी शेजारच्या जैनबभाभी शेवयांची खीर घेऊन आल्या. त्यांच्या थोरलीच्या लग्नात केरबांनीच शाकाहारी पंगतीचा स्वयंपाक केलेला. भाभींनी हात धुतले, खाटेशी बसल्या, हळूच 'बिस्मिल्ला' म्हणाल्या अन् चमचा पुढं केला. केरबांनी तोंड उघडलं. एक चमचा गेला. दुसरा गेला. पाच गेले!

हौसाबाई दारात उभी. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू, आनंदच झाला. पण त्या आनंदाला एक काटा होता. सदतीस वर्षं ज्याच्यासाठी चुलीपुढं बसले, त्याला परक्यांच्या हातचं चालतं, अन् माझ्या हातचं नको?

तेवढ्यात मशिदीतून बांग आली. हौसाबाई म्हणाली, "भाभी, नमाजाची वेळ झाली तुमच्या."

"झाली, हौसाक्का. त्यांच्या तोंडात घास हाय. तो उतरू दे, मग उठते. वेळ हाय अजून."

बघा मंडळी! देवाचं बोलावणं आलंय, आणि ती बाई एका शेवईसाठी थांबलीय. घास उतरला तसं त्यांनी चमचा हौसाबाईपुढं धरला. "घ्या, आता तुम्ही भरवा."

हौसाबाईच्या उजव्या हातात माळ. तिनं डावा हात पुढं केला, चमचा घेतला, खिरीत बुडवला. केरबांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलेलं. त्यांनी चमच्याकडं बघितलं. हाताकडं बघितलं. अन् तोंड मिटून भिंतीकडं फिरवलं.

आता कुठं तिची नजर आपल्या हातावर गेली. डाव्या हातावर.

आठवली का पंगत? आठवली का ती जिलबी? ज्या माणसानं अनोळखी पाहुण्याला डाव्या हाताचं वाढू दिलं नाही, त्याला त्याची लक्ष्मी नऊ दिवस डाव्या हातानं भरवत होती! उजवा देवासाठी राखला, अन् उरलेला नवऱ्याला दिला. त्याला बोलता येत नव्हतं हो. सांगणार कसा?

मग काय, माळ ठेवली अन् झालं? छे! तितकं सोपं नाही ते. संकल्प मोडायचा? नवव्या दिवशी? अन् मोडला म्हणून यांच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर? भाभी उठल्या अन् तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

हौसाबाईनं माळ डोळ्यांना लावली. म्हणाली, "पांडुरंगा, जरा थांब. यांना जेवू घालते." अन् माळ खुंटीला अडकवली.

उजवा हात धुतला. सकाळच्या दूधभाकरीची वाटी घेतली. घास केला, पुढं धरला. "अहो, चुकलं माझं. घ्या."

केरबांनी मान वळवली. बराच वेळ त्या हाताकडं बघत राहिले, अन् तोंड उघडलं. हौसाबाई घाटीकडं बघत बसली. वर गेली... थांबली... खाली आली. तिच्या तोंडून आपोआप निघालं — विठ्ठल! दुसरा घास. वर गेली, खाली आली. विठ्ठल! नऊ दिवसांत हजारो वेळा घेतलेलं नाम, पण ते ऐकू आलं तिला त्या दुपारी.

निम्मी वाटी संपली. अन् केरबांनी आपला डावा हात उचलला. चालता तेवढाच होता. तो वाटीत घातला, घास केला. तीही नऊ दिवस धड जेवली नव्हती, हे त्यांनी खाटेवरून बघितलेलं. हात तिच्या तोंडापर्यंत आला अन् हवेतच थांबला. डावा हात! जन्माचा आचारी तो. ओशाळला. हात मागं घ्यायला लागला.

हौसाबाईनं त्यांचं मनगट धरलं, अन् तो घास तोंडात घेतला. घेतला, अन् रडली, अन् रडत रडत चावला. केरबा काय करत होते म्हणता? तिची घाटी बघत होते!

भाभी नमाजाला गेल्या. त्यांचीही नमाज त्या दिवशी छान झाली असणार. मला तर खात्री आहे.

आता सांगा. तो घास डाव्या हाताचा म्हणायचा, का उजव्या?

मी काही सांगत नाही. पण उद्या लेकराला भरवाल, म्हाताऱ्या सासऱ्याला पाणी द्याल, तेव्हा तुमच्या उजव्या हातात काय असेल ते बघा. माळ असली, तर ती थांबते. तिला घाई नसते. मोबाईल असला, तर, पाहुणे, तोही थांबतो बरं का!

आता प्रसाद येईल. शिरा आहे, तुपाचा आहे. पहिला घास शेजारच्याला भरवा, अन् तो उतरेपर्यंत त्याच्याकडं बघा. तेवढंच एक नाम आज घरी घेऊन जाऊ. म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!