घाटातला थांबा

स्कूटरची वाट बघत गॅरेजच्या बाकावर बसलेल्या शिक्षिकाबाई मासिकाचं एकच पान तिसऱ्यांदा वाचत होत्या. कान मात्र शेजारी. तिथं एक काका-काकू आपल्या जुन्या गाडीचं इंजिन नव्यानं बांधून घेण्यासाठी मिस्त्रीशी बोलत होते. गाडीचं इंजिन मागे, पाण्याऐवजी वाऱ्यावर थंड होणारं.

“मिस्त्री, सगळ्यात मोठे पिस्टन टाका. जोर हवा.”

“जोर येईल काका, पण इंजिन भाजून निघेल. मधलं माप घ्या, जोडीला तेल थंड करणारा कूलर लावतो. पुढची दहा वर्षं बघायला नको.”

“घाट चढेल?”

“एका दमात.”

“ऐकलंस? दर वेळी अर्ध्या घाटात थांबा, इंजिनाचं झाकण उघडा, ते निवेपर्यंत अर्धा तास ताटकळा. संपली कटकट!”

“म्हणजे थांबायलाच नको?”

“अजिबात नको, काकू.”

“मग आहे तेच इंजिन राहू द्या.”

“अगं, वेड लागलंय का?”

“घरी तुमचं तोंड पेपरात, गाडीत डोळे रस्त्यावर. माझ्याशी बोलता ते घाटातल्या त्या कठड्यावर बसूनच. घर घ्यायचंसुद्धा तिथंच ठरलं आपलं.”

काका मिस्त्रीकडे वळले.

“मिस्त्री, नवं इंजिन अर्ध्या घाटात थांबवलं, तर त्याला काही अपाय?”

“थांबल्यानं कसला अपाय, काका?”

“मग तुम्ही म्हणता तेच बसवा. आम्ही थांबू.”

“आणि झाकण?” काकूंनी विचारलं.

“ते उघडायचंच. येणाऱ्याजाणाऱ्यांना कारण दिसायला नको?”